मतदान यंत्रं, त्यांचा खर्च आणि वाटेतले खड्डे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत शाळेत शिकवते आणि दर निवडणुकीला ड्यूटी लागते, कधी पोलिंगला कधी मोजणीला. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर, स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक मला ईव्हीएमचं विचारतात. तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर.

१. ईव्हीएम म्हणजे आपण बटण दाबतो तेवढंच ना?

नाही, ते फक्त बॅलट युनिट, आम्ही बीयू म्हणतो. दुसरा डबा म्हणजे कंट्रोल युनिट, सीयू, तो आमच्या टेबलावर असतो आणि मतं त्यात साठतात. तिसरा व्हीव्हीपॅट, चिठ्ठी छापणारा, त्याच्या काचेतून चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. एका बीयूवर सोळा नावं बसतात, जास्त उमेदवार असले की दुसरा बीयू जोडायचा. आताच्या एम-थ्री मॉडेलला असे चोवीस जोडता येतात, म्हणजे ३८४ नावं नोटा धरून. ही यंत्रं बेंगळुरूची बीईएल आणि हैदराबादची ईसीआयएल या दोन सरकारी कंपन्याच बनवतात.

२. एक मशीन पडतं केवढ्याला?

१९८९-९० मध्ये घेतली तेव्हा साधारण ५,५०० रुपयाला एक. २००६ ते २०१० मधली एम-टू ८,६७० ला. एम-थ्री साधारण १७,००० च्या घरात, आणि ही किंमत बीयू अधिक सीयूची, व्हीव्हीपॅट वेगळा. २०१७ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १६,१५,००० व्हीव्हीपॅटसाठी ३,१७३.४७ कोटी मंजूर केले, भागाकार करून बघा, एक साडेएकोणीस हजारांच्या वर जातो. म्हणजे मत घेणाऱ्या यंत्रापेक्षा त्याची चिठ्ठी दाखवणारा प्रिंटर महाग. बिझनेस करणाऱ्या आमच्या शेजारच्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, प्रिंटर नेहमीच महागात पडतो.

३. पण कागद, छपाई सगळं वाचतं, मग स्वस्तच पडणार ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर हो की नाही असं एका शब्दात मिळत नाही, कारण लोक फक्त खरेदीचा आकडा धरतात. मशीन घेतलं की संपलं असं नसतं हो. दोन निवडणुकांच्या मधली वर्षं ते गोडाऊनला असतं, तिथे डबल लॉक, सीसीटीव्ही, पोलीस पहारा, आणि कुलूप उघडायचं तर पक्षांच्या लोकांना कळवून उघडायचं. निवडणूक आली की फर्स्ट लेव्हल चेकिंग, त्यासाठी कंपनीचे इंजिनिअर येतात, पक्षांचे प्रतिनिधी बसतात, आणि एकेक मशीन साफ करून, तपासून, सील होतं. मग कुठलं मशीन कुठल्या केंद्राला जाणार याचं दोनदा रँडमायझेशन, जीपीएसवाल्या गाड्या, बॅटऱ्या, व्हीव्हीपॅटचे थर्मल पेपरचे रोल, आणि आम्हा लोकांचं ट्रेनिंग, ज्यात निम्मे जण मोबाइल बघत असतात हे मी कबूल करते.

निकाल लागल्यावरही मशीन लगेच मोकळं होत नाही, ४५ दिवस इलेक्शन पिटिशनची, म्हणजे निकालाला कोर्टात आव्हान द्यायची मुदत असते तोवर सीलबंद राहतं, आणि पिटिशन पडलीच तर ती मशिनं कोर्टाने सोडेपर्यंत अडकली. म्हणून लागतील त्यापेक्षा जास्त मशिनं विकत घेऊन ठेवावी लागतात. आयुष्य धरलंय पंधरा वर्षं. लोकसभा-विधानसभा एकत्र घ्यायच्या झाल्या तर दर पंधरा वर्षांनी नुसत्या नवीन मशिनांना साधारण दहा हजार कोटी लागतील असं निवडणूक आयोगानेच सरकारला कळवलंय.

आणि कागद वाचतो म्हणाल तर बीयूवर चिकटवायची मतपत्रिका छापावीच लागते, पोस्टल बॅलट कागदी, टेंडर व्होटच्या मतपत्रिका कागदी (प्रश्न १३), वर प्रत्येक मताची चिठ्ठी. वाचतो तो मोजणीचा वेळ, आणि बाद मतं होत नाहीत, शिक्का दोन खान्यांच्या मधे मारला वगैरे भानगड संपली. हा फायदा खरा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण "स्वस्त" हा शब्द त्याला लावू नका.

४. हे पैसे देतं कोण?

लोकसभेचा खर्च केंद्राचा, विधानसभेचा राज्याचा, दोन्ही एकत्र झाल्या तर निम्मा निम्मा. महापालिका वगैरे राज्य निवडणूक आयोगाचं खातं, ते वेगळं ऑफिस आहे, खालचा प्रश्न वाचा.

५. जानेवारीत बीएमसीला मत दिलं तेव्हा चिठ्ठी दिसलीच नाही. माझं मत गेलं ना?

गेलं. १५ जानेवारी २०२६ ला सगळ्यांनी मला हेच विचारलं, काही जण तर मशीनला वाकून वाकून काच शोधत होते. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतं, महापालिका-झेडपी राज्य निवडणूक आयोग, नावं सारखी वाटली तरी दोन वेगळी घरं आहेत. स्थानिक निवडणुकांच्या मशीनला व्हीव्हीपॅट नसतो. कारण असं दिलं जातं की पुण्या-ठाण्यासारखे बहुसदस्यीय प्रभाग असतात, एकच मतदार तीन-चार मतं देतो, तिथे चिठ्ठीचं तंत्र जमत नाही. असेल. पण मुंबईत २२७ प्रभाग आणि एका प्रभागात एकच नगरसेवक, त्यामुळे ते कारण इथे मला तरी पटलं नाही. २०१७ नंतर थेट २०२६ ला निवडणूक झाली, तयारीला वेळ नव्हता असंही म्हणता येत नाही.

६. चिठ्ठ्या आहेतच तर सगळ्या मोजत का नाहीत?

८ एप्रिल २०१९ ला सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलं, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातले सोडत काढून निवडलेले पाच व्हीव्हीपॅट मोजायचे. मुंबईत ३६ विधानसभा, म्हणजे अख्ख्या मुंबईतून १८० डबे. शंभर टक्के मोजा ही मागणी कोर्टाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. मोजायला किती कटकट असते ते मी बघितलंय, थर्मल पेपरच्या त्या बारक्या चिठ्ठ्या एकमेकींना चिकटतात, पंखा बंद करून बसायचं, घाम पुसायचा, परत आकडा जुळेपर्यंत उठायचं नाही. तरी माझं मत असं की एवढे तीन हजार कोटी घालून चिठ्ठी छापलीच आहे, तर निदान जिथे फरक अगदी थोडा आहे तिथे सगळ्या मोजायला काय हरकत आहे.

७. हरलेल्या उमेदवाराला मशीन उघडून बघायचं असेल तर?

त्याच २०२४ च्या निकालाने वाट दिली. दुसऱ्या किंवा तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागायचं, विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के मशिनांची मेमरी कंपनीचे इंजिनिअर तपासणार. खर्च उमेदवाराचा, छेडछाड सापडली तर पैसे परत. तेव्हा ठरलेला दर एका सेटला (बीयू, सीयू, व्हीव्हीपॅट मिळून) ४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२००. एखाद्या क्षेत्रात ३०० केंद्रं धरली तर पंधरा सेट, बिल ७ लाख ८ हजार. मोठ्या पक्षाला हे काहीच नाही, पण अपक्षाने कुठून आणायचे? ही रक्कम जास्त आहे असं पुढे सुप्रीम कोर्टानेही बोलून दाखवलं. आणि जे यंत्र बनवतात तेच तपासणार, हेही अनेकांच्या गळी उतरत नाही.

८. मशीन ब्लूटूथने हॅक होतं का?

मशीनला ना वायफाय ना ब्लूटूथ ना सिम, त्यामुळे चर्चगेटला बसून कोणी बोरिवलीचं मशीन फिरवतोय असं होत नाही, ते फॉरवर्ड डिलीट करा. पण "हात लागला तरी काही होत नाही" हेही खरं नाही. २०१० मध्ये हैदराबादचे हरिप्रसाद, अमेरिकेतले हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे खोंग्रेप यांनी एका खऱ्या मशीनवर दाखवलं की ते थोडा वेळ हातात मिळालं तर आतला डिस्प्ले बदलून किंवा मेमरीला छोटं उपकरण लावून आकडे बदलता येतात. ते मशीन कुठलं होतं माहितीये? आपल्या फोर्टातल्या जुन्या कस्टम हाऊसमधून, कलेक्टर ऑफिसच्या ताब्यातून चोरीला गेलेलं, असा आरोप होता, आणि त्यावरून मुंबई पोलिसांनी हरिप्रसादना अटक केली, मग जामीन मिळाला. संशोधन बरोबर की चूक यावर लोक अजून भांडतात, मला त्यातली दुसरीच गोष्ट लागली, की मशीन कपाटातून जाऊ शकतं. प्रश्न ३ मधला गोडाऊनचा खर्च एवढा का असतो ते यावरून कळेल.

व्हीव्हीपॅट आल्यापासून एक गोष्ट वाढली, चिन्हं लॅपटॉपवरून सिम्बॉल लोडिंग युनिटमध्ये आणि तिथून व्हीव्हीपॅटमध्ये जातात. ती युनिटं निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवा असंही २०२४ च्या निकालात आहे.

९. आणि गोरेगावला मोबाइलवर ओटीपी घेऊन मशीन उघडलं, ते?

मशीनला ओटीपी लागतच नाही. मुंबई उत्तर पश्चिमला ४ जून २०२४ ला नेस्कोत मोजणी होती, रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. आत मोबाइल नेल्याचं प्रकरण झालं आणि पेपरात बातमी आली की त्या मोबाइलने ईव्हीएम उघडलं, नंतर त्या पेपरने चूक मान्य करून माफी मागितली. ओटीपी होता तो एन्कोर नावाच्या डेटा एंट्रीच्या सिस्टिमचा, जिथे फेरीचे आकडे भरतात.

पण गंमत बघा. ईव्हीएमच्या मोजणीत हरलेले उमेदवार अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते, ४,५१,०९५ विरुद्ध ४,५१,०९४. पोस्टल बॅलटमध्ये वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. नऊ लाख मतं मशीनने मोजली आणि निकाल ठरला कागदावर. तरी आमच्या ग्रुपवर भांडण मशीनवरूनच.

१०. दिवसभर मतदान होऊन बॅटरी ९९ टक्के कशी?

विधानसभेला २०२४ मध्ये हरयाणात आणि नंतर आपल्या अणुशक्ती नगरला हा मुद्दा निघाला. आयोगाचं म्हणणं, मोबाइलसारखी टक्केवारी नाही ती, व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर असेपर्यंत डिस्प्ले ९९ च दाखवतो. तांत्रिक उत्तर म्हणून पटतं मला. पण मग तिथे टक्के लिहिता कशाला, नुसतं "ठीक" लिहा की. न समजणारा आकडा दाखवला की माणसं त्याचा अर्थ आपला आपण लावतात.

११. सकाळी साडेपाचला मॉक पोल कशासाठी?

पोलिंग एजंटांसमोर, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर, कमीत कमी पन्नास मतं टाकून दाखवायची, मशीन बरोबर मोजतंय ना. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर, याच क्रमाने तीन बटणं, आमच्याकडे सीआरसी म्हणतात. व्हीव्हीपॅटच्या डब्यातल्या चिठ्ठ्या बाहेर काढायच्या, प्रत्येकीच्या मागे मॉक पोलचा शिक्का, काळ्या पाकिटात घालून सील.

सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे आणि त्याला हॅकर लागत नाही, झोप न झालेला मास्तर पुरतो. एका निवडणुकीला आमचं केंद्र सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये होतं, आदल्या रात्री तिथेच सतरंजीवर पडलो होतो, डासांनी फोडून काढलं. सहा पन्नासला बाहेर रांग, एक एजंट उशिरा आला म्हणून वाद घालतोय, आणि मी रिझल्ट दाखवून क्लिअर न दाबताच सील हातात घेतलं. आमच्या नंबर दोनच्या मॅडम म्हणाल्या, "अहो बाई, टोटल बघा ना एकदा." बघितलं तर डिस्प्लेवर ५२. माझे पाय गार पडले.

दाबायचं राहिलंच असतं तर? त्या मशीनवर खऱ्या मतांत ५२ खोटी मतं मिसळली असती. मोजणीला असं मशीन बाजूला ठेवतात, आणि जिंकण्याचा फरक त्या मशीनवरच्या मतांपेक्षा कमी निघाला तरच त्याच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. म्हणजे चिठ्ठी होती म्हणून निस्तरता येतं. बीएमसीत चिठ्ठीच नाही, तिथे काय? (प्रश्न ५.)

१२. उन्हाने मशीन बंद पडतं हे खरं का?

पडलंय. २८ मे २०१८ ला भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक, विदर्भातलं मे महिन्याचं ऊन, व्हीव्हीपॅट धडाधड बंद पडले आणि ४९ केंद्रांवर ३० तारखेला फेरमतदान घ्यावं लागलं. व्हीव्हीपॅटवर थेट जास्त प्रकाश पडल्याने बिघाड झाल्याचं आयोगाने सांगितलं. म्हणून आता ट्रेनिंगमध्ये खिडकीजवळ, बल्बखाली ठेवू नका असं दहा वेळा सांगतात. मुंबईतल्या शाळांच्या वर्गात खिडकी नाही अशी भिंत दाखवा मला. मी घरून चादर नेते, वरून टाचणीने लावते.

१३. माझ्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेला असेल तर?

ओळख पटवा, टेंडर व्होट मागा, तो कागदी मतपत्रिकेवर देतात, मशीनवर नाही. लोकांना माहीतच नसतं, चिडून घरी जातात.

१४. बटण एक दाबलं आणि चिठ्ठीवर भलतंच चिन्ह दिसलं तर?

लगेच केंद्राध्यक्षाला सांगायचं, बाहेर जाऊन नाही. तो तुमच्याकडून लेखी घेणार, मग एजंटांसमोर तुम्ही एक टेस्ट मत टाकायचं. चिठ्ठी चुकीची आली तर मतदान तिथेच थांबतं. बरोबर आली तर तुम्ही खोटं बोललात असं धरून गुन्हा दाखल होऊ शकतो, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड. आता मला सांगा, पहिल्यांदा चुकलेलं मशीन दुसऱ्यांदाही चुकेलच याची खात्री तक्रार करणाऱ्याने कशी द्यायची? नियम खोडसाळ लोकांना आवरायला केलाय हे समजतं, पण घाबरणारा साधा माणूसच जास्त घाबरतो.

१५. कोणी काही केलं नाही तरी मशीन आपोआप चुकू शकतं?

२००३ मध्ये बेल्जियममध्ये शारबेक नावाच्या ठिकाणी एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडली. पडली कसली, मेमरीतला एक बिट आपोआप उलटला, कम्प्युटरच्या हिशोबात एक बिट म्हणजे कधी कधी बरोबर ४,०९६ होतो. सापडलं कशामुळे, तर त्या मतांची संख्या शक्यच नव्हती म्हणून. शक्य कोटीतला आकडा असता तर कोणाला पत्ता लागला नसता.

१६. परदेशात सगळ्यांनी बंद केलं म्हणतात, आपणच का धरून बसलोय?

सगळ्यांनी नाही, ब्राझील १९९६ पासून यंत्रावर मतदान घेतोय. पण फसलेल्या प्रकल्पांच्या गोष्टी वाचण्यासारख्या आहेत. आयर्लंडने साडेसात हजारांच्या आसपास मशिनं घेतली, २००२ ला तीन मतदारसंघांत वापरून बघितली, मग २००४ ला त्यांच्याच तज्ज्ञ आयोगाने सांगितलं की आम्ही खात्री देऊ शकत नाही. मशिनं गोडाऊनमध्ये, त्या गोडाऊनचे भाडेकरारही काही ठिकाणी पंचवीस-तीस वर्षांचे! एकूण साधारण साडेपाच कोटी युरो गेले, आणि २०१२ मध्ये सगळा माल भंगारवाल्याला सत्तर हजार युरोला, एकाला नऊ-साडेनऊ युरो. आपल्याकडे कुर्ल्याच्या भंगारवाल्याने बरा भाव दिला असता.

त्याच कंपनीचं मशीन नेदरलँड्समध्ये कार्यकर्त्यांनी २००६ ला मिळवून त्यावर बुद्धिबळ खेळून दाखवलं, म्हणजे यात कुठलाही प्रोग्राम घालता येतो. २००८ पासून तिथे परत कागद आणि पेन्सिल. जर्मनीच्या घटनात्मक कोर्टाने ३ मार्च २००९ ला जे म्हटलं ते मला सगळ्यात आवडतं, की मोजणी बरोबर झाली का हे साध्या नागरिकाला तज्ज्ञ ज्ञानाशिवाय तपासता आलं पाहिजे. मशीन बिघडलं होतं असं कोर्टाने म्हटलंच नाही.

जवळचं उदाहरण बांगलादेशचं. २०१८ ला ३,८२५ कोटी टाकाचा प्रकल्प, दीड लाख मशिनं, एकेक मशीन दोन लाख टाकाच्या वर. नीट ठेवायला जागाच नाही, बरीचशी नादुरुस्त, दुरुस्तीला १,२६० कोटींच्या आसपास मागितले ते मिळाले नाहीत, नव्या दोन लाख मशिनांचा ८,७११ कोटींचा प्रस्ताव २०२३ च्या जानेवारीत बाजूला पडला, आणि २०२४ ची निवडणूक कागदावर झाली. खरेदी केली, कपाट केलं नाही.

१७. यूपीआय चालतं तर मोबाइलवरून मतदान का नाही?

यूपीआयमध्ये पैसे कोणी कोणाला दिले हे बँकेला दिसतं, तुम्हाला मेसेज येतो, चुकलं तर तक्रार करता. मतदानात नेमकं तेच दिसता कामा नये. आणि घरात मोबाइल हातात असताना नवरा, सासरा, चाळीतला भाऊ शेजारी उभा असेल तर गुप्त काय राहिलं? एस्टोनिया २००५ पासून इंटरनेटवर मतदान घेतं, तिथे दबाव आला तर नंतर परत मत देता येतं आणि शेवटचं धरतात, २०२३ ला निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली. पण ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला २०२१ च्या डिसेंबरमध्ये सिस्टिम कोलमडली, कोर्टाने तीन ठिकाणच्या निवडणुका रद्द केल्या, परत घ्याव्या लागल्या, दुप्पट खर्च.

गावाबाहेर कामाला आलेल्यांसाठी आयोगाने २०२३ च्या जानेवारीत रिमोट मशीन दाखवायला पक्षांना बोलावलं होतं, एका मशीनवर ७२ मतदारसंघ. पक्षांनी विरोध केला. मुंबईत याचा फायदा किती लोकांना झाला असता ते सांगायला नको, आमच्या वॉचमनचं मत आजमगडला आहे.

१८. कायद्यात नसताना मशीन वापरलं तर?

झालंय. मे १९८२, केरळमधलं परूर, देशात पहिल्यांदा मशीन, ५० केंद्रांवर. शिवन पिल्लै १२३ मतांनी जिंकले. ए. सी. जोस कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टाने १९८४ ला सांगितलं की कायद्यात यंत्राची तरतूद नाही, त्या ५० केंद्रांवर कागदावर परत मतदान घ्या. घेतलं, आणि जोस जिंकले! नंतर १९८८ ला कायदा बदलून कलम ६१-अ आलं. २००४ ला सगळ्या ५४३ जागा यंत्रावर गेल्या.

१९. मग तुमचं काय म्हणणं, परत बॅलट पेपर?

माझ्या सासऱ्यांनी शिक्क्यांच्या काळात ड्यूटी केलीय, पेट्याच्या पेट्या पळवल्याच्या गोष्टी सांगतात, मला तो काळ परत नकोय. पण डिसेंबर २०२४ ला माळशिरसच्या मारकडवाडीत लोकांनी स्वतःच कागदावर मतदान घेऊन बघायचं ठरवलं आणि प्रशासनाने ते होऊ दिलं नाही, तेव्हा वाईट वाटलं. कायद्याने ते मतदान नव्हतं, मान्य. पण गावाला पडताळून बघावंसं वाटलं तर त्याला दाखवण्यासारखं आपल्याकडे काय होतं? व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या होत्या, डब्यात.

२०. मला पहिल्यांदाच ड्यूटी लागलीये, काय लक्षात ठेवू?

टॉर्च, टाचण्या, जुनी चादर (प्रश्न १२), ओडोमॉस. मॉक पोलनंतर टोटल शून्य दिसल्याशिवाय सील हातात घेऊ नका. आणि संध्याकाळी कितीही थकवा आला, साहित्य जमा करायची बस हॉर्न मारत असली, तरी सतरा-सी फॉर्मवर एकूण मतांचा आकडा नीट लिहून हजर असलेल्या प्रत्येक एजंटला प्रत द्या आणि सही घ्या. गेल्या वेळी एक एजंट, विशीतला पोरगा, प्रत न घेताच निघाला होता, "मॅडम राहू द्या, लोकल जाईल". मी जिन्यापर्यंत गेले त्याच्या मागे. त्याने उभ्या उभ्या सही केली, कागदाची घडी घालून पासाच्या पाकिटात ठेवला, आणि मग पळाला.